पॉईंट गार्डमुळे बाकीच्या पोरी खरंच सुधारतात का? स्कोअरशीटवर तर तिच्या नावापुढे काहीच नाही

शिट्टी_बेळगाव यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या एका पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात मी फिजिकल डायरेक्टर आहे. मुलींची बास्केटबॉल टीम माझ्याकडे असते. पुढच्या सोमवारी जिल्हा स्पर्धेची यादी द्यायची आहे. बारा नावं ठरली आहेत, पण सुरुवातीच्या पाचांत कोण उतरणार यावरून गेले आठ दिवस डोक्याला भुंगा लागलाय.

सगळा वाद सात नंबरवरून आहे. ती माझी पॉईंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारी. जांबोटीकडच्या एका खेड्यातली पोर, उंची पाच फूट एक इंच, शाळेत असताना खो-खो खेळलेली. सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला वेळेवर पोचता यावं म्हणून आता टिळकवाडीत मावशीकडे राहते. गेल्या पाच मॅचमध्ये तिचे सगळे मिळून नऊ गुण आहेत. आमच्या कमिटीतल्या एका जाणत्या माणसानं पाचही स्कोअरशीट मागवून घेतले, तिच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "सर, ही नुसती पळते. नऊ गुणांच्या पोरीला तुम्ही चाळीस मिनिटं का खेळवता?" त्यांचं म्हणणं, तिच्याजागी अकरा नंबरला घ्या. अकरा नंबर चांगली पोरगी आहे, लांबून शॉट मारते, ड्रिबलही बरं आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मला त्यांना उत्तर देता आलं नाही, हेच मला खातंय. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, स्कोअरशीटवर काय असतं? गुण असतात, फाऊल असतात, टाइमआउट असतात. असिस्टला, म्हणजे ज्या पासवर बास्केट होतं त्याला, रकानाच नाही. म्हणजे पास देऊन दुसरीला मोकळं करणं हे जे तिचं काम, त्याची त्या कागदावर कुठं नोंदच होत नाही.

आता माझ्या डोळ्यांना काय दिसतं ते सांगतो. आमची सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी, पंधरा नंबर, पाच फूट दहा इंच, बैलहोंगल बाजूची. घरात कन्नड, मराठी थोडं थोडं समजतं. जूनमध्ये आली तेव्हा तिला धड बॉल पकडता येत नव्हता, हातात यायचा आणि निसटायचा. आता एकेका मॅचमध्ये पंधरा-सोळा गुण करते. सात नंबर तिच्याशी कोर्टावर कन्नडमध्ये बोलते. "इल्ली बा" (इकडे ये), "बेग" (लवकर), "मुंदे होगु" (पुढे जा). बाकीच्या तिघींशी मराठी. सात नंबर मराठी माध्यमातली, कन्नड फक्त विषय म्हणून शिकलेली. पण मी बघितलंय, पाण्याच्या ब्रेकला ती पंधरा नंबरला विचारून शब्द घेते, एक-दोन तळहातावर पेननं लिहूनही ठेवते.

पण मग शंका येते. सात नंबर तापानं आजारी होती तेव्हा आम्ही दोन मैत्रीपूर्ण मॅच खेळलो. एक हरलो, एक चांगल्या फरकानं जिंकलो. जिंकलेल्या मॅचमध्ये पंधरा नंबरनं अठरा गुण केले. मग ती पोरगी मेहनतीनं सुधारली आणि श्रेय मी उगाच गार्डला देतोय का? उंच पोरीला बॉल कोणीही देईल, असं कमिटीवाले म्हणतात ते खरं आहे का?

ज्यांनी खेळलंय, शिकवलंय त्यांनी मनापासून सांगा. पॉईंट गार्ड सोबतच्यांना खरंच चांगलं करतो का? आणि करत असेल तर ते माझ्यासारख्या माणसानं, कॅमेरा नाही, संगणक नाही, नुसत्या वहीपेन्सिलीवर ओळखायचं कसं?

तिसरं_गेट

सर, करतो. मी कॉलेजात चार वर्षं गार्ड खेळलोय.

एनबीएतली, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधली, जॉन स्टॉकटन (गार्ड) आणि कार्ल मलोन (रिंगजवळ गुण करणारा) ही जोडी बघा. युटा जॅझकडून दोघं १९८५ ते २००३ अशी अठरा वर्षं एकत्र खेळले. स्टॉकटनचे कारकिर्दीतले असिस्ट १५,८०६, अजून कोणी त्या आकड्याच्या आसपास गेलेलं नाही. मलोनचे गुण ३६,९२८. स्टॉकटन सहा फूट एक इंच, म्हणजे एनबीएत लहानखुराच. तोच पिक अँड रोल, म्हणजे मलोननं डिफेन्सवाल्याला अडवायचं आणि मग रिंगकडे वळून पास घ्यायचा, वर्षानुवर्षं. समोरच्याला माहीत असायचं काय येणार आहे ते, तरी थांबवता यायचं नाही. १९९७ आणि १९९८ ला दोघांनी युटाला फायनलपर्यंत नेलं, दोन्ही वेळा शिकागोनं हरवलं ही गोष्ट वेगळी.

तुमच्या सात नंबरला बसवू नका. गार्ड बसवला की टीमला वाचा राहत नाही.

दशांश

सर, मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण यात फसायला दोन्ही बाजूंनी जागा आहे. तिसरं गेट यांचं उदाहरण सुंदर आहे, पण त्यातून उत्तर निघत नाही. दोघं एवढी वर्षं एकत्रच खेळले, त्यामुळे मलोनमुळे स्टॉकटनचे असिस्ट वाढले की स्टॉकटनमुळे मलोनचे गुण, हे वेगळं काढणार कसं? तुमच्या सात आणि पंधरा नंबरचंही तेच आहे.

म्हणून जिथं गार्ड एका टीममधून दुसरीकडे गेला ती उदाहरणं बघायची. सगळ्यात गाजलेलं स्टीव्ह नॅशचं. फिनिक्स सन्सनं २००३-०४ ला ८२ पैकी २९ मॅच जिंकल्या होत्या. नॅश डॅलस सोडून तिकडे आला आणि २००४-०५ ला ६२ जिंकल्या. त्याला त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. इथवर सगळे सांगतात. पण तो गेला त्या डॅलसचं काय झालं? आधीच्या वर्षी ५२ विजय, नॅश गेल्यावर ५८. वाढले! आता नॅशनं डॅलसला खराब केलं होतं असं कोणी म्हणणार नाही. डॅलसनं दुसरे खेळाडू आणले, त्यांचा मुख्य खेळाडू नोवित्स्की तिथंच होता. सांगायचं इतकंच की आधी आणि नंतर एवढं बघून निकाल लावला तर तुम्ही हवं ते सिद्ध करू शकता.

दुसरं उदाहरण जेसन किडचं. २००१ मध्ये फिनिक्सनं किड न्यू जर्सी नेट्सला दिला आणि बदल्यात स्टेफॉन मार्बरी घेतला. दोघंही पॉईंट गार्ड. नेट्स २६ विजयांवरून ५२ वर आणि थेट फायनलला. फिनिक्स ५१ वरून ३६ वर. याच्याइतकी सरळ अदलाबदल क्वचितच सापडते, आणि ती किडच्या बाजूनं बोलते. तरी एक नोंद ठेवा. नेट्सचा केरी किटल्स आधीचं पूर्ण वर्ष गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर होता आणि किड आला त्याच वर्षी तोही परतला. म्हणजे २६ विजयांची सगळी वाढ एकट्या किडच्या खात्यावर टाकता येत नाही. माझा अंदाज असा की बरीचशी टाकता येते.

मला स्वतःला सगळ्यात पटतं ते बोरिस दियावचं उदाहरण. अटलांटात २००४-०५ ला मॅचमागे ४.८ गुण. पुढच्या वर्षी फिनिक्सला नॅशबरोबर १३.३, आणि सर्वाधिक सुधारलेल्या खेळाडूचा पुरस्कार. पण तिथंही कोच माइक डी'अँटोनीनं त्याला गार्डच्या जागेवरून उचलून थेट सेंटरला खेळवलं होतं. मग श्रेय नॅशचं की कोचचं? माझ्या मते दोघांचं, आणि कोणाचं किती हे कधीच कळणार नाही.

आता तुमच्या वहीचं. तापातल्या त्या दोन मॅचवरून काहीही ठरवू नका, दोन मॅच म्हणजे नाणं दोनदा उडवणं. आणि बास्केट पडलं की नाही ते मोजू नका, थोड्या मॅचमध्ये त्यात नशीब फार असतं. शॉट कसा मिळाला ते लिहा. रिंगखाली मोकळा, की तोंडावर हात असताना, की शॉट घ्यायचे २४ सेकंद संपत आले म्हणून फेकलेला. सात नंबर कोर्टावर असताना किती मोकळे, बसलेली असताना किती मोकळे. शिवाय शेवटच्या पासच्या आधीचा पासही लिहा. एनबीएत २०१३-१४ पासून सगळ्या मैदानांवर कॅमेरे बसवले तेव्हा कुठं तो नीट मोजला जाऊ लागला. तुम्हाला एक पोरगी वही घेऊन बसवली की झालं.

खानापूर_रोड

मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नका सर.

मी दहा वर्षं शाळेच्या पोरांना शिकवतोय आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघितलीय. गार्ड हुशार असला की बाकीचे चौघे बघे होतात. बॉल त्याच्याकडे, विचार त्याच्याकडे, हे चौघे कंबरेवर हात ठेवून उभे. तो पास देतोही, पण सगळा खेळ त्याच्या हातून जातो, आणि तो ज्या दिवशी पाच फाऊल होऊन बाहेर बसतो त्या दिवशी चौघांना साधा बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला आठ सेकंद पुरत नाहीत.

मोठ्या खेळातलं उदाहरण हवं असेल तर एनबीएतला गार्ड रसेल वेस्टब्रूक. २०१६-१७ ला त्यानं मॅचमागे ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) आणि १०.४ असिस्ट केले. एमव्हीपी झाला. असिस्टच्या आकड्यावरून म्हणाल तर त्यानं सोबत्यांना भरभरून दिलं. त्याच टीममध्ये व्हिक्टर ओलाडिपो होता, त्याचे त्या वर्षी १५.९ गुण. पुढच्या वर्षी तो इंडियानाला गेला, बॉल त्याच्या हातात आला, आणि २३.१ गुण करून त्यानंच सर्वाधिक सुधारलेल्या खेळाडूचा पुरस्कार घेतला. म्हणजे दहा असिस्ट देणाऱ्यापासून लांब गेल्यावर तो बहरला. वेस्टब्रूक वाईट होता असं नाही, त्याच्यासारखी जिद्द मी बघितलेली नाही. पण असिस्ट जास्त म्हणजे सोबती चांगले झाले, हे मी मानत नाही.

तुमची सात नंबर बॉल किती वेळ धरून असते ते एकदा घड्याळ लावून बघा.

शिट्टी_बेळगाव

तिघांचेही मनापासून आभार. दशांश सर, तुमचं पटलं, वही आजच आणली. खानापूर_रोड सर, राग कसला, मला हाच विचार सुचला नव्हता.

एक सांगतो. बॉल धरून ठेवण्याची सवय तिला थोडी आहे. खो-खोत बचाव करणारीला आपलं आपणच वाचायचं असतं, तिथून ती सवय आली असेल असं मला वाटतं. पण बाकीच्या पोरी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहत नाहीत. उलट त्या पळतात. का पळतात ते मला सांगता येत नाही.

निपाणीची_सेंटर

सर, तुमच्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसले. मी सेंटर खेळले, शाळेत आणि नंतर कॉलेजात. आता बँकेत नोकरी करते, निपाणीलाच असते. आतापर्यंत सगळे गार्डबद्दल बोलले. ज्यांच्याकडे बॉल येतो त्यांचं कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलते.

रिंगखाली उभं राहिलं की पाठीला डिफेन्सवालीचं कोपर टोचत असतं. ती एका बाजूला रेटते, आपण दुसऱ्या बाजूचा हात उघडा धरतो. बॉल त्या उघड्या हातात, खांद्याच्या वर आला तर पकडून सरळ वर जाता येतं, उंचीचा उपयोग होतो. तोच बॉल गुडघ्याजवळ आला की वाकावं लागतं. वाकलं की पाच फूट नऊ इंचाची मी पाच फूट दोन इंचाची होते. आजूबाजूच्या छोट्या गार्ड येऊन हातातून बॉल उपटतात, किंवा सावरताना पाय सरकतो आणि ट्रॅव्हलिंगची (बॉल धरून पावलं टाकल्याची) शिट्टी वाजते. बघणाऱ्यांच्या लेखी ती माझी चूक. खरी चूक पासची असते, पण ती लिहायला जागाच नसते, तुम्ही म्हणता तशी.

माझ्या वाट्याला दोन गार्ड आल्या. पहिलीचा पास जोरात यायचा, बोटं सुजायची, पण यायचा कधी हे कळायचं नाही. माझा आत्मविश्वास गेला होता, वाटायचं माझे हातच वाईट आहेत. कोच पण तेच म्हणायचे. दुसरी आली ती माझ्याहून एक वर्ष लहान. पहिल्या आठवड्यात तिनं मला एक प्रश्न विचारला: "ताई, तुला बॉल कुठं आवडतो?" तोवर मला कोणी हे विचारलं नव्हतं. मला उत्तरही माहीत नव्हतं. तंबाखूच्या वखारीमागं एक सिमेंटचा चौक होता, रिंग नव्हती, नुसती भिंत. रविवारी सकाळी आम्ही दोघी तिथं जायचो. हवेत तो तंबाखूचा उग्र वास, शिंका यायच्या. ती पास द्यायची, डाव्या खांद्यावर, उजव्या खांद्यावर, कपाळासमोर, आणि प्रत्येक वेळी विचारायची, "हा? की हा?" तीन-चार रविवारांत ठरलं, उजव्या कानाच्या जरा वर. त्यानंतर दोन वर्षं बॉल तिथंच आला. माझे हात तेच होते, सर. आमच्या कोचनी त्या वर्षी सगळ्यांना सांगितलं, हिचे हात सुधारले.

आता पळण्याचं. रिबाउंड मिळाला की सेंटरला सगळ्यात लांब पळावं लागतं, या रिंगपासून त्या रिंगपर्यंत, २८ मीटरचं कोर्ट. दहा वेळा पळलं तर बॉल एकदा-दोनदाच येणार, ते कोणतीही गार्ड असली तरी तसंच. पण दुसरी गार्ड दर वेळी माझ्याकडे बघायची. बॉल नाही देता आला तरी मान वळवून बघायची, आणि परतताना म्हणायची, "दिसलीस, पुढच्याला." एवढ्यावर मी अकराव्या वेळीही पळायचे. पहिल्या गार्डबरोबर तिसऱ्या वेळेपासून माझे पाय अर्ध्या रेषेवर थांबायचे. मी ठरवून थांबत नव्हते. पायांनाच कळायचं की कोणी बघत नाहीये.

म्हणून माझं म्हणणं असं, शॉट मोजा, पास मोजा, पण आधी पळणं मोजा. आपल्याकडे बॉल आला की बाकीच्या चौघींपैकी किती जणी बॉलच्या आधी अर्धी रेषा ओलांडतात. सात नंबर असताना किती आणि ती बसल्यावर किती. बास्केट पडण्यात नशीब असेल, पळण्यात नसतं.

खानापूर_रोड सरांचा मुद्दा मी खोडत नाही. तसे गार्डही असतात, बॉल देतात पण बघत नाहीत. आपण त्यांच्या हिशेबातली एक जागा असतो, तिथं मी असले काय, दुसरी असली काय. माझी गार्ड पुढं लग्न होऊन गोव्याला गेली आणि शेवटचं वर्ष मी तिच्याशिवाय खेळले. नवीन गार्ड साधारण होती. पण मला आता सांगता येत होतं, हात वर करून, जागा दाखवून, की बॉल इथं दे. ते माझ्याजवळ राहिलं. तुमची पंधरा नंबर बॉल मागते का सर? हात दाखवून? ते बघा एकदा.

तिसरं_गेट

ताई, चार वर्षं गार्ड खेळलो, पण एकाही सेंटरला मी हा प्रश्न विचारला नाही. आमचा सेंटर आता मिलिटरीत आहे, सुट्टीला येतो. या वेळी विचारतो.

शिट्टी_बेळगाव

मंडळी, शनिवारची प्रॅक्टिस झाली. आधी माफी मागतो, उत्तर द्यायला उशीर झाला. रात्रभर पाऊस होता, कोर्टावर शेवाळ धरलं होतं, ब्लीचिंग पावडर टाकून पोरींनीच घासून काढलं आणि साडेसातला खेळ सुरू झाला.

दहा-दहा मिनिटांचे डाव लावले. पहिल्या डावात सात नंबर, दुसऱ्यात तिच्या जागी अकरा नंबर, बाकी चौघी त्याच. मी स्टेजच्या पायरीवर वही घेऊन बसलो आणि ताई म्हणाल्या तेवढंच मोजलं, बॉलच्या आधी अर्धी रेषा किती जणींनी ओलांडली. पहिल्या डावात बहुतेक वेळा तिघी, दोनदा चौघीही. दुसऱ्या डावात सुरुवातीला दोघी, नंतर एक, शेवटी पंधरा नंबर चक्क चालत गेली. दमली म्हणावं तर तिसऱ्या डावात सात नंबर परत आली आणि ही परत पळायला लागली. दशांश सर म्हणतील एका सकाळीवरून काही ठरत नाही, मान्य आहे. मंगळवारी, गुरुवारी परत मोजणार आहे, आणि क्रमही उलटा करणार आहे.

पंधरा नंबरला जवळ बोलावून विचारलं, दुसऱ्या डावात का चाललीस? ती ओशाळली. उत्तर शेजारच्या चार नंबरनं दिलं, आपल्या बेळगावी बोलीत: "सर, ती बघूलालीय म्हटल्यावर पळायचं वाटतंय की." ताई, तुमचंच वाक्य. तुम्ही इथं लिहिलेलं त्या पोरींनी वाचलेलं नाही.

खानापूर_रोड सरांच्या सांगण्यावरून घड्याळही लावलं. सात नंबर बॉल जास्त धरते, हे खरं निघालं. विशेषतः डाव्या बाजूला दोघींनी घेरलं की ती ड्रिबल मारत कोपऱ्यात जाते आणि तिथंच अडकते. तिला सांगितलं, दोघी अंगावर आल्या म्हणजे आपली एक जण कुठंतरी मोकळी आहे, बॉल आधी सोड. दोनदा सोडला, तिसऱ्यांदा विसरली. यावर काम करायचंय.

आणि जे मला कोणालाही सांगावंसं वाटलं ते शेवटी झालं. चौथा डाव. सात नंबर बाहेर बसलेली, पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून. अकरा नंबर बॉल आणत होती. पंधरा नंबर रिंगखाली गेली, उजवा हात वर केला, पंजा उघडा, कानाच्या वर. हे तिला मी शिकवलेलं नाही. अकरा नंबरनं बघितलं. ही पोरगी शहापूरची, घरात चोवीस तास मराठी, माझ्यासमोर कधी कन्नडचा एक शब्द बोललेली नाही. ती ओरडली, "अल्ले निल्लु!" (तिथंच थांब) आणि बॉल त्या पंजात टाकला. पंधरा नंबर आधी हसली आणि मग वर गेली. बॉल बोर्डाला लागून आत. बाकावरची सात नंबर उठून उभी राहिली आणि बाटली खाली पडली.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत सात नंबर अकरा नंबरला ते शब्द पाठ करून घेत होती. पाचांतली तिची जागा ज्या पोरीला द्यायची असं चाललं होतं, त्याच पोरीला. हे तिला माहीत होतं. कॉलेजात कोणापासून काय लपतं?

पाच जणी ठरवल्या. सात नंबर पॉईंटला, अकरा नंबर तिच्याच शेजारी शूटिंग गार्डला. दोघी एकत्र. बाकावर जाणार ती तीन नंबर, तिला मी स्वतः उद्या सकाळी सांगणार आहे, यादीवर वाचून कळू नये. कमिटीतल्या त्या सरांना मंगळवारी प्रॅक्टिसला या म्हटलंय. वही त्यांच्याच हातात देणार आहे, मोजू देत त्यांना.

निपाणीच्या ताई, एक विनंती आहे. पंधरा नंबरला पाठीवर कोपर असताना जागा कशी धरायची हे मला नीट दाखवता येत नाही, मी कधी सेंटर खेळलो नाही. रविवारी येणं जमेल का? सकाळी सहाला सुरू करतो. बसस्टँडवर घ्यायला येतो.

निपाणीची_सेंटर

येते सर. सहा नाही जमणार, साडेसात धरा. तिला सांगून ठेवा, नखं कापून यायचं आणि बांगडी काढून.